नकारापुढचा रकाना

दुपारचे अडीच वाजलेत. उपकेंद्रात कुणी नाही. मी तपासणीच्या टेबलावर आडवी झालेय. या टेबलावर मी पेशंटलाही दहा मिनिटांपेक्षा जास्त पडू देत नाही. पंखा एकाच गतीनं फिरतो, त्याच्या बटणावरचे बाकीचे आकडे नुसते शोभेला आहेत. डोळे मिटतात, परत उघडतात. उघडले की शेजारच्या खुर्चीवर गृहभेटीची नोंदवही दिसते, आणि तिच्यावर उघडं स्टॅम्प पॅड. पॅड कोरडं पडलं होतं, म्हणून जेवण झाल्यावर मी त्यात शाईचे चार थेंब टाकले. का टाकले ते आधी सांगून टाकते.

चार वाजता धनाजी बाबर येणार आहे. कालच त्याच्या आईचा दहावा झाला. धनाजी कोइमतूरला गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या. आमच्या कुसळेवाडीतली निम्मी माणसं याच धंद्यापायी देशभर पांगलीत आणि घराघरात एकेक म्हातारं माणूस मागं राहिलंय. माझं काम त्या मागं राहिलेल्यांकडं जायचं. कुणाची शुगर, कुणाचं बीपी, कुणाचं मलमपट्टीचं. गजराबाई बाबर म्हणजे दर गुरुवार, उजवा पाय, टाचेजवळची जखम.

या घरभेटीची एक रीत असते, ट्रेनिंगमध्ये हातावर पट्टी मारून शिकवलेली. पिशवी कुणाच्या जमिनीवर टेकवायची नाही. आधी वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर पिशवी. मग साबण काढून हात धुवायचे आणि मगच पिशवीतल्या सामानाला हात लावायचा. निघताना पेपरची घराला लागलेली बाजू आत घेऊन घडी घालायची. सव्वीस वर्षं मी हे करतेय. गजराबाईंना अक्षर वाचता येत नव्हतं, पण दर गुरुवारी त्या शेजारच्या मास्तरांकडून वाचून झालेला पेपर मागून आणायच्या आणि मी जायच्या आत कॉटशेजारी अंथरून ठेवायच्या. बादलीत गरम पाणीही असायचं.

बारा तारखेच्या गुरुवारी मी आत गेले नाही. नऊ घरं राहिली होती, दुसऱ्या दिवशी शिबिर होतं. फाटकातूनच विचारलं, "मावशी, बरं आहे ना?" आतून आवाज आला, "बरा हाय पाय." मी पुढं गेले. सोमवारी मास्तरांनी फोन केला तेव्हा पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. बुधवारी मोठ्या दवाखान्यातच त्या वारल्या.

गुरुवारी मी नोंदवही उघडली आणि बारा तारखेच्या मोकळ्या ओळीत लिहिलं: जखम पाहिली. मोठ्या दवाखान्यात जाण्याचा सल्ला दिला. नकार.

नकार लिहिलं की पुढच्या रकान्यात पेशंटची सही नाहीतर अंगठा लागतो, हा वरच्या डॉक्टरांचा नियम. तो रकाना रिकामा आहे. धनाजीला नोंदवही बघायची आहे. त्याला एवढंच हवंय, की आईला कुणी वेळेवर सांगितलं होतं का. रकान्याला एक अंगठा हवाय आणि कुसळेवाडीत कुणाचा अंगठा कसा उमटतो हे तपासायला कुणी बसलेलं नाही.

पंख्याचा आवाज लांब जातो.

दार लोटल्याचं मला कळत नाही, पण गजराबाई आत आलेल्या असतात. हिरवं लुगडं आणि दोन्ही पायांत चपला. उजव्या पायात चप्पल बघून मला बरं वाटतं, चार महिने त्यांना ती घालता आली नव्हती.

"झोपलीस व्हय, बाई?"

"नाही मावशी. पडलेय जरा."

"पड की. तुला कुठं बसाय मिळतंय."

मी उठून बसते तर मी त्यांच्या फाटकाशी उभी आहे. ऊन तेच, गुरुवारचं. खांद्याला पिशवी. फाटकापासून उंबऱ्यापर्यंत सात पावलं आहेत, ती मला पाठ आहेत. मी चालायला लागते. सात होतात, दहा होतात, उंबरा तेवढाच लांब राहतो. आतून त्यांचा आवाज येतो, अगदी कानाशी.

"पेपर हातरलाय. पाणी निवाय लागलंय."

"येतेय मावशी."

"ये. घाई न्हाई मला."

मी चालत राहते. दम लागत नाही, तहानही नाही. मला फक्त घड्याळ बघायची इच्छा होते आणि मनगटावर घड्याळाच्या जागी पेशंटला बांधतात तसली पट्टी आहे. पट्टीवर माझं नाव आहे, सुलभा वाघमारे, वय त्रेपन्न. अक्षर माझंच.

मग मी आत असते. घर त्यांचंच, पण भिंतीवर उपकेंद्रातला लसीकरणाचा तक्ता लावलाय आणि चुलीच्या जागी मोठ्या दवाखान्यातल्या वॉर्डातली लोखंडी कॉट. गजराबाई कॉटवर बसून पाय सोडतात. खाली पेपर अंथरलेला आहे. त्यावरची तारीख मी मुद्दाम वाचते. बारा.

"हा पेपर वापरलाच न्हाईस तू," त्या म्हणतात. "मी तसाच ठिवला. म्हणलं, पुढच्या गुरुवारी हुईल."

मी पिशवी पेपरवर ठेवते. साबण काढते. बादलीतलं पाणी अजून कोमट आहे. मी हात धुते, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, मनगटापर्यंत, शिकवल्याप्रमाणं. हात पुसून बघते तर पाणी निळं झालंय.

"पाय दाखवा, मावशी."

"आता कशाला? आता बरा हाय त्यो. खरंच बरा हाय."

त्या चप्पल काढून टाच दाखवतात. टाच गुळगुळीत आहे, जखमेची खूणही नाही. मला आनंद व्हायला हवा. मला भीती वाटते.

"त्या दिवशीही बरा आहे म्हणालात."

"म्हणले."

"का म्हणालात?"

"तुझं तोंड बघितलं फाटकातनं. पदरानं घाम पुसत हुतीस. म्हणलं, कुठं आडवायची बाईला, बाकीची म्हातारी वाट बघत आसतील." त्या हसतात. वरचे दोन दात नाहीत, ते मला माहीतच आहे. "माझं चुकलं ते. माझ्यापुरतं माझं."

आपली बाजू घ्यायला मी तोंड उघडते. म्हणजे नऊ घरं, शिबिर, उपकेंद्रात एकच सिस्टर, हे सगळं खरं आहे आणि सगळं मी पाठ करून ठेवलंय. मी तोंड मिटते आणि साबण परत पिशवीत ठेवते.

खोलीला आता आम्लाचा उग्र वास येतोय. कॉटच्या पलीकडं भट्टी आहे आणि भट्टीपुढं धनाजी उकिडवा बसलाय, डोक्याचं मुंडण केलेलं, तोंडाला रुमाल. त्याच्या कोइमतूरच्या दुकानाची गल्ली मी कधी पाहिली नाही, तरी ही तीच हे मला कळतं. चिमट्यानं तो सोनं गाळायची मूस फिरवतो. मुशीत काय आहे बघायला मी वाकते. माझी नोंदवही आहे. बारा तारखेचं पान वर आलंय आणि ते जळत नाही.

"काय निघालं रं?" गजराबाई त्याला विचारतात.

"काहीच निघत न्हाई, आई," तो म्हणतो. तो आमच्याकडं बघत नाही. "लिहिलंय की तू ऐकलं न्हाईस. मला फोन केला असतास तर मी समजावलं असतं. आलो असतो मी, गाडी पकडून. एका दिसाचा तर रस्ता हाय."

तो हे आदळआपट न करता सांगतो. मूस फिरवत राहतो. मला कळतं की हा माणूस हे वाक्य इथून पुढं रोज म्हणणार आहे, कामावर, जेवताना, पोरांना शाळेत सोडताना. आईनं ऐकलं नाही. मी असतो तर ऐकलं असतं. वीस वर्षांनीही म्हणेल. त्याच्या हातात मी ते दिलंय, एका शब्दात.

मला लाज वाटते. आत्तापर्यंत काळजी होती, माझ्या नोकरीची, चार वर्षांवर आलेल्या पेन्शनची. लाज आत्ता वाटते.

"बाई," गजराबाई म्हणतात, "तू मला दवाखान्याचं कवा सांगितलंस?"

"नाही सांगितलं."

"मग मी न्हाई कवा म्हणले?"

"नाही म्हणालात."

"म्हणले नसते. तू सांगितलं असतंस तर गेले असते की मी." त्या हे अगदी साधं सांगतात, भाजीत मीठ कमी पडलं सांगावं तसं. "तुझं मी कवा मोडलंय? चहात साखर सोडली. अनवाणी हिंडायचं सोडलं. तुळजापूरला जायचं हुतं तेबी सोडलं, तू नको म्हणलीस म्हणून."

हे खरं आहे. माझ्याकडच्या एकतीस पेशंटांत सांगितलेलं ऐकणाऱ्या त्या एकट्या होत्या. मी शिबिरात इतरांना त्यांचं उदाहरण द्यायचे.

भट्टी नाही. धनाजी नाही. आम्ही दोघी उपकेंद्राच्या पायरीवर बसलोय आणि दुपार आहे, समोर मास्तरांची शेळी बोरीला लागलीय. नोंदवही माझ्या मांडीवर. स्टॅम्प पॅड त्यांच्या मांडीवर. त्या आपला डावा अंगठा उलटसुलट करून बघतात. कित्येक वर्षं मी तो अंगठा धरून कागदावर टेकवलाय, निराधार पेन्शनच्या, रेशनच्या, गोळ्या मिळाल्याच्या. मधोमध त्याच्यावर विळ्याची जुनी आडवी खूण आहे. उमटला की तिथं पांढरी रेघ यायची. म्हणजे माझा अंगठा तिथं चाललाच नसता. हे माझ्या आत्ता लक्षात येतं, आणि दुपारपासून मी असल्या गोष्टी लक्षात घेण्याइतकी खालच्या थराला गेलेय, हेही.

"देऊ का?" त्या विचारतात. "तुझं काम आडलंय म्हणून देते. मला आता काय त्याचं."

त्या खरंच देतील. त्यांनी कधी मला कशाला नाही म्हटलेलं नाही. मी पॅड त्यांच्या मांडीवरून काढून घ्यायला हवं आणि माझा हात जागचा हलत नाही.

"नको," मी शेवटी म्हणते.

"मग रकाना मोकळा ऱ्हातोय की."

"राहू दे."

"त्याला अंगठा लागतुया, तूच सांगितलं हुतंस मला. न्हाई म्हणणाऱ्याचा." त्या थोडा वेळ शेळीकडं बघतात. मग माझ्याकडं. "त्या दिवशी आत याय कोण न्हाई म्हणलं, बाई?"

त्यांच्या आवाजात राग नाही. त्या माझं मनगट धरतात. हात गार नाही, मेलेल्या माणसाचा असावा असा तर अजिबात नाही. मी त्यांचा धरायचे तस्साच त्या माझा डावा अंगठा धरतात, वरून दाबून, एका कडेकडून दुसरीकडं लोळवत.

"हळू," त्या म्हणतात. "फराटा उठतो न्हाईतर."

हे वाक्य माझं आहे. दर वेळी मी त्यांना हेच सांगायचे.

"दुखतंय का?" त्या विचारतात.

"नाही."

"तुझ्या पायाकडंबी बघत जा जरा. लई हिंडतीस."

पंख्याचा आवाज जवळ येतो. तपासणीच्या टेबलाचं रेक्झिन घामानं माझ्या मानेला चिकटलंय. डावा हात टेबलावरून खाली लोंबतोय, त्याला मुंग्या आल्यात. मी तो ओढून वर घेते. अंगठा निळा आहे. पहिल्या पेरापर्यंत, नखाच्या कडांतही शाई गेलेली. हात झोपेत खुर्चीवरच्या पॅडवर पडला असणार. दुसरं काय असणार. मी वाकून नोंदवही बघते. बारा तारखेची ओळ आहे, माझं अक्षर आहे आणि नकारापुढचा रकाना पांढरा स्वच्छ आहे.

चारला पाच कमी. बाहेर मोटरसायकल थांबते.

बेसिन चार पावलांवर आहे. साबणाची वडी नवी आहे, सकाळीच काढलेली. कुणी येणार म्हटलं की माझे पाय आपोआप तिकडं वळतात. ते वळतात, अर्ध्यावर जातात. मी परत फिरते आणि खुर्चीवरून नोंदवही उचलते.

धनाजी उंबऱ्याबाहेरच थांबलाय. डोक्याला टोपी, हातात पिशवी.

"सिस्टर, झोपला होता काय? मग येतो नंतर."

"नाही. आत या. बाहेर थांबू नका."

तो चपला काढून आत येतो आणि बाकावर टेकतो. त्याची नजर नोंदवहीवर जाते, मग ती धरलेल्या माझ्या हातावर, अंगठ्यावर. मी बारा तारखेचं पान उघडून त्याच्या मांडीवर ठेवते.

"हे वाचा," मी म्हणते. "पण आधी ऐका. तुमच्या आईनं नकार दिला नव्हता."