सात सुरगाठी

बाराच्या बारा गाठी मी बदलल्या, त्याही रंगमंच बांधणारे काका जेवायला बसले होते तेव्हा. रंगमंचामागचा भलामोठा पडदा वाऱ्याने फडफडत होता आणि फोटोत त्याच्या सुरकुत्या दिसत होत्या. जाहिरातदाराचा माणूस म्हणाला, "अहो, आमचं नावच वाचता येत नाहीये." आयोजकांच्या ऑफिसात सजावटीचं काम माझ्याकडे. शिडी लावली, वर गेलो, सैल वाटलेली प्रत्येक गाठ सोडून ताणून निरगाठ मारली. दोऱ्यांची लोंबती टोकं तशीच ठेवली; ती कशासाठी आहेत हे विचारायची लाज वाटली. खाली आलो तर पडदा इस्त्री केल्यासारखा. शाळेत हस्तकलेला पहिला नंबर असायचा माझा, उगाच नाही.

त्या गाठी सैल नव्हत्या, सुरगाठी होत्या. टोक ओढलं की गाठ सुटणार आणि पडदा एका दमात खाली येणार. वादळात वर राहिलेला पडदा म्हणजे शीड, सगळा लोखंडी सांगाडा घेऊन आडवा होतो. हे मला कळलं ते बैल गेल्यावर.

काकांना मैदानावर सगळे 'वेधशाळा' म्हणत. तरुणपणी सर्कशीचे तंबू ठोकले, मग सव्वीस वर्षं उघड्यावरच्या कार्यक्रमांचे रंगमंच बांधले. मैदानावर आले की आधी एका काठीला जुन्या चादरीची लाल पट्टी बांधायची. पट्टी आडवी झाली आणि दहा मोजेपर्यंत आडवीच राहिली, की शिट्टी. मग गाणारा कितीही मोठा असो, गाणं बंद, लोक भिंतीपलीकडे, पडदा खाली. एकोणीस वेळा त्यांनी शिट्टी वाजवली होती; त्यातल्या चौदा वेळा वारा नुसती हूल देऊन गेला.

"काय वेधशाळा, आज ऊन म्हणताय, म्हणजे छत्री आणू ना?" माईकवाला त्यांना डिवचायचा.

"आण बाबा. चौदा वेळा मी खोटा ठरलो. चौदा वेळा सगळे आपापल्या पायांनी घरी गेले."

त्या दिवशी साडेचारला पट्टी आडवी झाली. शिट्टी वाजली, लोक कुरकुरत उठले. तिघांनी दोऱ्या ओढल्या. काही सुटेना. पडदा फुगला, सांगाडा कण्हायला लागला आणि मैदानात अजून निम्मे लोक होते. काका कंबरेचा चाकू घेऊन वर चढले. एकेक दोरी कापत गेले. बारावी कापली तेव्हा वरचा पाइप निसटला आणि त्यांच्या उजव्या हातावर आला. बाकी कोणाला खरचटलंसुद्धा नाही. लोक भिजले आणि पासचे पैसे परत मागत घरी गेले.

"गाठी कोणाच्या?" आमच्या ऑफिसच्या मालकांनी दवाखान्यात विचारलं.

"माझ्या," काका म्हणाले. मी शेजारीच उभा होतो.

आठवड्याने त्यांच्या खोलीवर गेलो. काकू त्यांच्या शर्टाची बटणं लावत होत्या. मी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं.

"माहीत आहे," काका म्हणाले. "कापतानाच ओळखलं. राखी बांधावी तशी मारली होतीस."

"मग माझं नाव का नाही घेतलंत?"

"जेवून आल्यावर प्रत्येक गाठीला हात लावून बघायचा, हा नियम माझाच. त्या दिवशी पोट भरलं, सुस्ती आली. नाही बघितलं."

दुसऱ्या दिवशी मी मालकांनाही सांगितलं. ते म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस. पण एका हाताच्या माणसाला वर कसं चढवू?"

काकांनी मला दंड ठोठावला: खिडकीच्या गजाला, डोळे मिटून, शंभर सुरगाठी. डाव्या हाताने ते स्वतः ओढून बघणार. अडकली तर ती मोजणीत धरायची नाही.

"ही गाठ नाही, संसार आहे," ते एकदा म्हणाले. "सुटायचं नाव नाही."

"माझ्याकडे बघून बोला की," आतून काकू.

दर रविवारी मी जायचो. दर रविवारी ते आधी उजवी मूठ उघडायची खटपट करून दाखवायचे. "गेल्या खेपेपेक्षा हात बरा ना? मोसमाआधी चढेन मी." मी हो म्हणायचो. बोटं होती तिथेच होती. दोन महिन्यांत त्र्याण्णव गाठी झाल्या. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, ही बोटं आता उघडायची नाहीत. त्यांची मुलगी दोघांना आपल्याकडे न्यायला आली.

सामान बांधायला मला बोलावलं. चाकू, शिट्टी, दोऱ्यांची वेटोळी एका खोक्यात घातली आणि सवयीने मी सुरगाठ मारायला लागलो.

"इथे निरगाठ मार," काका म्हणाले. "हे आता सोडायचं नाहीये."

मारली. चांगली घट्ट बसली. ती मला पहिल्यापासून येते.

टेम्पोत चढताना ते म्हणाले, "सात राहिल्या रे."

"मैदानावर बांधतो, काका."

"बांधशील. ओढून कोण बघणार?"

आता नवा माणूस मोबाइलवर हवामान बघतो. पडद्याच्या गाठी मात्र मीच मारतो, डोळे मिटून, जेवणाआधी, आणि जेवण झाल्यावर पुन्हा वर जाऊन प्रत्येकीला हात लावतो. कार्यक्रम संपला की मीच टोकं ओढतो. बाराच्या बारा सुटतात. पण आपण मारलेली आपणच ओढली तर ती धरायची नाही. त्यामुळे सात अजून राहिल्याच आहेत.