मीटर शून्यावर होता

आधीच सांगतो, दारात लिंबू-मिरची टांगणाऱ्यांची टिंगल करणारा माणूस आहे मी. भूतबित सगळी बकवास, हे माझं ठाम मत... अजूनही बरंचसं तेच आहे. पण त्या दुपारचं काय करू?

मुलुंड पश्चिमेच्या एका हॉस्पिटलात मी सर्व्हर सांभाळतो. बेसमेंटला तीन सर्व्हर आहेत. बिलिंग, एक्स-रे, ब्लड बँक — सगळ्यांची व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे सर्व्हरच्या आतले आभासी कॉम्प्युटर, त्यांच्यावरच चालतात. काम कमी असलं की ती सगळी दोन सर्व्हरवर दाटीवाटीने बसवायची आणि तिसरा झोपवायचा, म्हणजे वीज वाचते. गर्दी वाढली की तिसरा आपोआप उठतो. पण मेला झोपेतही थोडी वीज खायचाच. म्हणून मी शहाण्याने त्याची पॉवर केबलच उपटून कपाटात टाकली. त्याच्या मीटरवर शून्य बघून साहेब खूश, मीही कॉलर ताठ करून फिरलो.

आठवड्याभरात माझी धाकटी बहीण सुप्रिया आमच्याच हॉस्पिटलात बाळंत झाली. मुलगी झाली, पण रक्तस्राव काही थांबेना. दुपारचे अडीच वाजले होते, दोन्ही सर्व्हर ठासून भरलेले, आणि नेमकी तेव्हाच ब्लड बँकेची स्क्रीन अडकली. तिथल्या टेक्निशियन कदम मॅडम इंटरकॉमवर ओरडल्या, "अरे, तिचा निगेटिव्ह ग्रुप आहे! कुठली पिशवी तपासलेली आहे ते सगळं यातच आहे. काहीतरी कर ना!"

मी बेसमेंटलाच होतो. बिलिंग बंद करून जागा मोकळी करायला गेलो, तर कमांडच घेईना. कपाट उघडलं, तर आत केबलींचा हा गुंता! एकेक ओढून बाजूला टाकत सुटलो. तेवढ्यात आईचा फोन आला, "रे, चेडवाक रगात गावना नाय! तू थंय काय करतंस?" लेकीला रक्त मिळत नाही म्हणून ओरडणाऱ्या आईला काय सांगणार होतो? वाट लागली होती माझी.

शेवटी केबल हाताला लागली. सर्व्हरकडे वळलो आणि इंटरकॉमवर मॅडम, "चालू झालं रे! एकदम झकास पळतंय!"

केबल माझ्या हातातच होती.

स्क्रीनवर बघितलं — ब्लड बँक, सर्व्हर तीन. समोर सर्व्हर तीन मिट्ट काळा, एक दिवा नाही. हात लावला तर थंडगार, पंखासुद्धा फिरत नव्हता. मीटर शून्यावर.

केबल लावू? आणि लावताना बंद पडला तर? ...नाही लावली. तिथेच हात जोडून उभा राहिलो. "कोण असशील तो अस बाबा, पण आता थांबू नकोस." ढसाढसा रडत होतो, सांगायला लाज कसली. पिशव्या वर पोचल्याचं मॅडमनी कळवलं, आणि स्क्रीनवरून सर्व्हर तीन निघून गेला.

सर्व्हरच्या कंपनीचा इंजिनिअर आला. म्हणाला, "यार, नोंदीत चूक असेल. आधीसारखं दोन नंबरवरच चाललं असणार." दोन नंबरच्या नोंदी दाखवल्या — तो त्या पूर्ण वेळात ठप्प होता. त्याने पुन्हा पुन्हा बघितलं, चहा प्यायला आणि गेला.

सुप्रिया बरी आहे. बारशाला सगळ्यांसमोर म्हणाली, "दादा खाली होता म्हणून मी आज इथे आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आईने डोळे पुसले. मी मान खाली घालून पेढे वाटत राहिलो.

तो सर्व्हर कोणी चालवला, मला खरंच माहीत नाही. बंद कोणी केला होता, ते मात्र माहीत आहे. सुप्रियाला अजून सांगितलेलं नाही.