चिमूटभर मीठ

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. तिचा कुणाला उपयोग व्हावा म्हणून मी दर रविवारी कोल्हापूरजवळच्या महिलांच्या खुल्या कारागृहात अर्ज भरायला शिकवायला जायचे. सुटका जवळ आलेल्या बायकांना घराची सवय व्हावी म्हणून तिथे छोट्या खोल्या आणि गॅसच्या शेगड्या होत्या.

माझ्या वर्गातल्या एका मावशींचा स्वयंपाक मात्र काही केल्या घरासारखा होईना. आधीच्या तुरुंगात बारा वर्षं त्यांनी दोनशे जणींची आमटी केली होती. इथे तिघींच्या आमटीतही मीठ मूठभरच पडायचं.

"बाई, हात लई मोठा झालाय माझा," त्या हसत म्हणायच्या. "चिमूट धरायचं इसरलाय."

शाळकरी वयात आईच्या हातचं शेवटचं जेवलेली त्यांची लेक आता जेवायला येणार होती. आठवडाभर मावशी रिकाम्या बोटांनी चिमूट धरून बघत होत्या, माझ्या वर्गात पेन बाजूला ठेवूनसुद्धा.

रविवारी लेक आली. मावशी आमटी वाढून पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. लेकीनं एक घास खाल्ला.

"आये, मीठच न्हाय की गं हिच्यात!"

मी घाईनं मिठाचा डबा पुढे सरकवला. मावशींना मात्र हसू आवरेना.

"बघा की बाई, पयल्या घासाला नावं ठेवली! आता घर झालं हितं."

डोळे पुसून त्यांनी मिठाच्या डब्यात दोन बोटं घातली. या खेपेला चिमूट अगदी बरोबर आली.