काशम्माच्या चपला

बाळीवेशीत कुणाकडे बारसं असो, वास्तुशांत असो की साठी, दोन गोष्टी ठरलेल्या असत. गव्हाची खीर, म्हणजे हुग्गी, आणि ईश्वरप्पांचं भाषण. हुग्गी कधीमधी कमी पडे.

ईश्वरप्पांचं भांड्यांचं दुकान. दुकानात गिऱ्हाइकाला पातेल्याचा भाव सांगायचाही कंटाळा करणारा हा माणूस माईक दिसला की वेगळाच व्हायचा. "दोन शब्द बोलतो," म्हणून उभे राहत आणि त्या दोन शब्दांच्या मधून उत्सवमूर्तीचे आजोबा, पणजोबा आणि पणजोबांची म्हैस, सगळी मिरवत जात.

त्यांना थांबवायचं काम बायकोकडे होतं. काशम्मा पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसायची आणि चपला काढून खुर्चीखाली सारायची. भाषण पुरे झालं असं वाटलं की वाकून चपला ओढायची. उजवी पायात गेली म्हणजे आवरा. डावीही गेली की ईश्वरप्पा असतील तिथून "एवढं बोलून" म्हणत खाली बसत. एका पैलवानाच्या सत्कारात त्याचा जन्म होता होता डावी चप्पल गेली. तो बिचारा त्या भाषणात अजून जन्मायचाच आहे.

ही खूण जगात फक्त आपल्या दोघांना ठाऊक आहे, अशी ईश्वरप्पांची चाळीस वर्षांची समजूत होती.

गेल्या श्रावणात काशम्मा गेली.

त्यानंतर पुतण्या शिवराजनं घर बांधलं, गल्लीतली दोन लग्नं झाली. ईश्वरप्पा सगळीकडे गेले, शेवटच्या रांगेत बसले, जेवले आणि परत आले. कुणी माईक पुढे केला की घशाकडे बोट दाखवत. पूर्वी त्यांचं भाषण सुरू झालं की पान खायला बाहेर पळणारी माणसंच आता म्हणू लागली, की हुग्गी सपक लागते.

अशात सिद्धाराम रिटायर व्हायची वेळ आली. हा ईश्वरप्पांचा शाळेपासूनचा दोस्त, पाण्याच्या खात्यातला चावीवाला. गल्लीचा व्हॉल्व्ह त्याच्या हातात असल्यामुळे बायका त्याच्याशी ज्या अदबीनं बोलत, तशा नवऱ्याशीही बोलत नसत.

तो दुकानात आला. "काय बे, सोमवारी बोलणार हाइस न्हवं?"

"घसा बसलाय."

"आठ म्हैने? घसा हाय का शटर?"

ईश्वरप्पा एकच डबा पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "उभा ऱ्हायची भीती वाटायलीय, सिद्ध्या. तिच्याबद्दल निघालं तर मला थांबवणार कोण?"

"नको थांबू की. रिटायर मानूस मी, दुसऱ्या दिवशी कुटं जायचंय मला?"

सोमवारी सात रस्ता चौकाजवळच्या हॉलमध्ये ईश्वरप्पा उभे राहिले. त्यांनी माईकचा दांडा दोन्ही हातांनी धरला. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी होती. कुणी न सांगता तिथं कुणीच बसलं नव्हतं.

"आमची काशी गेली त्या दिवशी आपल्या गल्लीचा पाण्याचा वार नव्हता," ते म्हणाले. "माती देऊन सगळे परत आलो. आंघोळीला कुणाच्या घरात घागरभर पाणी नाही. या सिद्धारामनं स्वतःच्या पोरीच्या लग्नाला कधी वार मोडला नाही. त्या दिवशी यानं चावी फिरवली."

खात्याचे साहेब एकाएकी पंख्याकडे बघू लागले.

ईश्वरप्पा थांबले. पाणी प्याले. तिथंच बसता आलं असतं, पण बसले नाहीत. काशम्माची ज्वारीची भाकरी आली, तिचा राग आला, रुसून दुधनीला माहेरी गेलेली काशम्मा भावाच्याच बैलगाडीतून दुसऱ्या दिवशी परत आली. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. आचारी दारातून डोकावून गेला. कुणी उठलं नाही. ईश्वरप्पा मात्र सारखे त्या खुर्चीखाली बघत होते. खुर्चीखाली काहीच नव्हतं आणि भाषणाला शेवट सापडत नव्हता.

तेवढ्यात गळ्यात हार घातलेला सिद्धाराम स्टेजवरच वाकला. स्वतःच्या खुर्चीखालच्या चपला त्यानं ओढल्या आणि ईश्वरप्पांकडे बघत उजवी पायात घातली.

ईश्वरप्पा अर्ध्या वाक्यात थांबले.

समोर सिद्धारामची बायको कस्तुराबाई वाकली. तिच्यामागची रांग वाकली. हॉलभर चपलांची सरसर झाली.

"म्हणजे, तुमा सगळ्यांना ठाऊक होतं?" ईश्वरप्पांनी माईकवरूनच विचारलं.

"पैल्या दिवसापास्नं," सिद्धाराम म्हणाला आणि त्यानं डावी चप्पल उचलली. "आवर बे आता. हुग्गी गार व्हायलीय."

ईश्वरप्पांनी डोळे पुसले. "एवढं बोलून," म्हणाले आणि खाली उतरून त्या कडेच्या खुर्चीवर बसले.

पुढच्या रविवारी शिवराजच्या पोरीचं बारसं होतं. हॉलमधल्या त्याच पंगतीत दुसरी वाटी हुग्गी संपवताना त्यांनी शिवराजला विचारलं, "माईक कुणाकडनं आणतोयस?"