अणू ठेवायचं भांडं

ॲसिडचा वास आला की भेस्तानच्या गिरणीवस्तीतली आमची खोली आठवते. शहाण्णव साली माझी बारावी झाली आणि भौतिकशास्त्राच्या प्रवेशाच्या फॉर्मवर वडिलांची सही हवी होती. कापड रंगवायच्या डाइंग मिलमधून ते नुकतेच आले होते, बोटं निळीच. परदेशी प्रयोगशाळेत प्रतिद्रव्याचे अणू बनल्याचं कात्रण मी त्यांना वाचून दाखवलं. "ते कसामा ठेवतस?" त्यांनी विचारलं. ॲसिडला प्लास्टिक, कॉस्टिकला लोखंड. मिलमध्ये आधी भांडं ठरायचं, मग माल यायचा. "कशातच नाही. भांड्याला लागला की अणूही संपतो, भांड्याचा तेवढा कणही." "मंग बनना हाई कळनं कसं?" मी कात्रणात उत्तर शोधू लागले आणि त्यांनी सही करून टाकली. आज वर्गात मुलांना तोच प्रश्न विचारते, उत्तरही देते: तो संपताना निघालेल्या किरणांवरून. त्यांनी सही का केली, हे मात्र विचारायचं राहूनच गेलं.