सर्वरचा दसरा

आमच्या रांजणगावच्या कारखान्यात सॉफ्टवेअरवाला मी एकटाच. त्यामुळे मी बोलेन ते ज्ञान आणि मी करीन ती प्रगती, अशी माझ्या फार सोयीची परिस्थिती होती. मशिनं चालवणारे प्रोग्रॅम तेव्हा पेनड्राइव्हवर असायचे आणि पेनड्राइव्ह कुणाच्या खिशात, कुणाच्या डब्याच्या पिशवीत, तर एक चक्क गाडीच्या किल्लीला लटकलेला. कुठला प्रोग्रॅम नवा आणि कुठला जुना, असं विचारलं की चार जण पाच उत्तरं द्यायचे. माझं डोकं फिरायचं. शेवटी मी मॅनेजरसाहेबांची मंजुरी काढली, क्लाउडवर एक सर्वर भाड्यानं घेतला आणि त्यावर रिपॉझिटरी मॅनेजर बसवला. म्हणजे सॉफ्टवेअरची कोठी. प्रत्येक प्रोग्रॅमची प्रत्येक आवृत्ती नंबर लावून आत ठेवायची आणि हवी ती, हवी तेव्हा, तिथूनच घ्यायची.

उद्घाटनाला साहेबांनी विचारलं, नारळ कशावर फोडायचा? सर्वर मुंबईकडं कुठंतरी आहे, नक्की कुठं ते मलाही ठाऊक नाही, हे ऐकून ते जरा हिरमुसले. मग वायफायच्या डब्याला हार घातला आणि नारळ पार्किंगमध्ये फोडला.

खरी पंचाईत झाली ती हक्कांच्या यादीवरून. कोठीत कुणी नुसतं बघायचं, कुणी भरायचं, कुणी काढून टाकायचं, असे दर्जे असतात. सगळंच करू शकतो तो अॅडमिन, आणि शहाणा माणूस तो एकच ठेवतो. पण आमच्याकडं लग्नपत्रिकेत नाव दोन ओळी खाली छापलं तरी भावकी वर्षभर रुसून बसते. मेंटेनन्सच्या साहेबांना अॅडमिन केल्याचं कळताच क्वालिटीवाले माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. स्टोअर्सचे आप्पा तर गावच्या सोसायटीचे संचालक. त्यांनी काहीच मागितलं नाही, फक्त दोन दिवस माझ्या नमस्काराला उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मी सगळ्या खातेप्रमुखांना अॅडमिन करून मोकळा झालो. त्या दिवशी मला पाच ठिकाणी चहा मिळाला.

यादीत नव्हते ते मामा. मामा मूळचे वरवंडचे, शिक्रापुरात खोली घेऊन राहणारे, आणि कारखान्यातलं सगळ्यात जुनं मशिन चालवणारे. ऑपरेटरला पासवर्ड कशाला हवा, असं मीच म्हणालो होतो. वर एक नियम लिहून गेटवर चिकटवला: कारखान्यात किंवा घरी, कुणाकडंही प्रोग्रॅमचा पेनड्राइव्ह सापडला तर नोटीस. असतील नसतील तेवढे गोळा केले आणि पुसून टाकले. मामांनी आपला मुकाट्यानं आणून दिला. एवढंच म्हणाले, "नवं करा सायेब. पर जुनं कुनीतरी धरून ठिवाया पायजे." हा किस्सा मी मीटिंगमध्ये रंगवून सांगितला आणि सगळे हसले.

बॅकअप घेतला होता का, असं कुणी विचारेल. घेतला होता की. त्याच सर्वरवर, शेजारीच, 'बॅकअप' नावाची दुसरी कोठी उघडून. कुलपाची जादा किल्ली त्याच दारावर खिळ्याला टांगावी, तशातला प्रकार.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी मशिनं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून पुजतात आणि त्याआधी आठवडाभर अडगळ भंगारात जाते. आपापलं खातं स्वच्छ करा, असा साहेबांचा हुकूम निघाला. आप्पा मनापासून काम करणारा माणूस. स्टोअर्स आवरून झालं तेव्हा त्यांना आठवलं की आपल्याला आणखी एक कोठी दिलेली आहे. उघडून बघतात तर एकाच नावाचे नऊ नऊ प्रोग्रॅम. त्यांनी प्रत्येकातला सगळ्यात नवा ठेवला, बाकीचे काढले. 'बॅकअप'मध्ये तर सगळंच डबल, म्हणून ती अख्खी उडवली. शेवटी कचरापेटीही रिकामी केली, कारण कचरा घरात ठेवून कुणी दसरा करत नाही. सर्वर चकाचक झाल्याचा मेसेज त्यांनी मला पाठवला. मीही न बघता अंगठ्याचा इमोजी पाठवला.

मामांच्या मशिनला एक खोड होती. आतली बॅटरी केव्हाच मेलेली आणि बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. मेन स्विच बंद केला की ते प्रोग्रॅम विसरायचं. मग तो पुन्हा भरायचा, तोही दोन नंबरच्या जुन्या आवृत्तीचाच, नवा त्याला पचायचा नाही. पूजेसाठी स्विच बंद झाला होता. दसऱ्यानंतरच्या पहिल्या शिफ्टला मी लॅपटॉप घेऊन ऐटीत मशिनपाशी गेलो, कोठी उघडली, आणि दोन नंबर गायब. 

साहेब म्हणाले, उद्यापर्यंत चालू झालं नाही तर मशिन भंगारात आणि मामा पॅकिंगला. मामांना निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं.  जेवणाच्या सुट्टीत ते मला कँटीनमागं घेऊन गेले.

"गावाकडं घरी एक हाय," ते म्हणाले. "नोटीस काढायची तर काढा. पर माझं मशिन भंगारात न्हाई गेलं पायजे."

तसाच त्यांच्या गाडीवर मागं बसून मी वरवंडला गेलो. देवापुढं पाट मांडलेला होता. पाटावर विळा, कुऱ्हाड, पान्यांचा संच, आणि त्यांच्या ओळीत एक काळा पेनड्राइव्ह. त्यालाही हळदकुंकू, त्याच्यावरही झेंडूची पाकळी. मीटिंगमध्ये हे कळलं असतं तर मी आठवडाभर हसवलं असतं लोकांना. तिथं मात्र मी चप्पल काढून नमस्कार केला. संध्याकाळी मशिन सुरू झालं.

साहेबांनी विचारलं, सापडला कुठं? खरं सांगावं तर माझ्याच नियमानं मामांना नोटीस. म्हणून म्हणालो, सर्वरमध्ये खोलवर दडला होता, काढला खणून. मामांना वाचवायला खोटं बोललो, अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि साहेबांनी पाठ थोपटल्यावर ती चांगली पटलीही. महिनाअखेरच्या सभेत माझा सत्कार झाला. शाल आप्पांच्या हस्ते. ते स्वच्छतेवर दहा मिनिटं बोलले. शेवटच्या रांगेत मामा सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होते, आणि मला त्या टाळ्यांची जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कशाची वाटली नाही. तरी मी माइक हातात घेऊन सर्वांचे आभारच मानले.

सभा संपल्यावर मामा जवळ आले.

"सायेब, तेवढा पेनड्राइव्ह माघारी द्या. पुढल्या सालीबी दसरा येनारच हाय."

तो माझ्याच ड्रॉवरमध्ये होता. पण बाहेर पडताना गेटवर झडती होती, माझ्याच हुकमानं. मी मामांना पुढं जाऊन बाहेर थांबायला सांगितलं आणि पेनड्राइव्ह शालीच्या घडीत घातला. वॉचमननं मामांचा डबासुद्धा उघडून बघितला. माझी शाल बघून मात्र तो उठून उभा राहिला, अभिनंदन म्हणाला, आणि मला तसंच जाऊ दिलं.