मुलीसाठी पासष्ट

डॉक्टरीणबाईंना काहीही विचारा, त्या आकडा सांगत. पाऊस पडेल का? "शंभरात साठ." अमक्याच्या मुलीचं लग्न टिकेल का? "शंभरात तीस, आणि हे तिच्या आईला सांगू नका." माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनआधी मी विचारलं, तर चहा गाळता गाळता म्हणाल्या, "शंभरात नव्वद चालायला लागतात. तुम्ही उरलेल्या दहांत निघालात तर मला शिव्या घाला, ऐकून घेईन." मी चालायला लागले. शिव्या द्यायच्या राहिल्या.

त्यांचं नाव सुलभा केळशीकर. सगळा जन्म इंग्रजांच्या हॉस्पिटलांत भूल देण्यात गेला. "माणसाला झोपवायचं आणि परत उठवायचं. झोपवणं कोणालाही जमतं," असं म्हणत. नवरा लवकर गेला. एकच मुलगी, नंदिनी, इथे इंग्लंडमध्येच जन्मली आणि नोकरीसाठी अमेरिकेत गेली. लंडनजवळ हॅरोला मी मुलाकडे राहायला आले तेव्हा शेजारच्या घरात या एकट्याच होत्या. पहिल्याच दिवशी कुंपणावरून म्हणाल्या, "साखर, मीठ काहीही मागा. फक्त देवळात चला म्हणू नका."

खोटा धीर त्यांना सहन होत नसे. आमच्या मराठी मंडळातल्या पाटणकरबाईंचे यजमान आजारी पडले, तेव्हा आम्ही सगळ्याजणी "होतील हो बरे" म्हणत होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दिवाळी बघणार नाहीत. मुलांना आत्ता बोलवा." पाटणकरबाई संतापल्या, पण मुलांना बोलावलं. मुलं आली, बापाशी बोलली, आणि दिवाळीच्या आधीच ते गेले. पाटणकरबाई वर्षभर डॉक्टरीणबाईंचं तोंड बघत नव्हत्या. मग एक दिवस आल्या, हात धरून बसल्या आणि चहा पिऊन गेल्या.

निवडणूक कुठलीही असो, बाईंना तिचा नाद. इथल्या कौन्सिलची, भारताची, आमच्या मंडळाच्या अध्यक्षाचीसुद्धा. "कोण ओरडतंय ते ऐकू नका, कोण गप्प बसलंय ते बघा," म्हणायच्या. अंदाज बहुधा बरोबर यायचा. आमच्या बायका चिडवायच्या, "डॉक्टर, एवढं मतदान तरी कशाला घ्यायचं? तुम्हालाच विचारू."

मग अमेरिकेच्या अध्यक्षाची ती निवडणूक आली. दोघेही अगदी बरोबरीत, टीव्हीवरचे लोकही नुसते खांदे उडवत. त्यातला एकजण परदेशातून आलेल्यांच्या व्हिसाचे नियम आवळणार, त्यांच्या तिथे जन्मलेल्या पोरांनाही नागरिकत्वाचा हक्क देणार नाही, असं सांगत होता. नंदिनी नोकरीच्या व्हिसावर होती, तिला सातवा महिना होता आणि रक्तदाब चढलेला. आईकडे येऊन बाळंत व्हावं की तिथेच राहावं, हे तिला ठरवायचं होतं, आणि विमान कंपनी बसू देईल असे दिवस संपत आले होते.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी मी अळूवड्या घेऊन गेले. फोन टेबलावर, स्पीकरवर होता.

"आई, जस्ट टेल मी," नंदिनी म्हणत होती. "तुझा नंबर काय? मला खरा सांग. मी फ्लाइट बुक करू?"

"शंभरात पासष्ट, आपल्या बाजूने. तू कुठेही जाऊ नकोस."

"शुअर ना?"

"मी कधी उगाच बोलते का?"

पोरीने सुस्कारा टाकला तो मला उभ्या जागी ऐकू आला. बरं वाटलं. डबा ठेवायला स्वयंपाकघरात गेले, तर खिडकीपाशी स्टीलचं पातेलं होतं, काठोकाठ पाणी भरलेलं, आणि तळाशी गणपती, अन्नपूर्णा आणि रांगता बाळकृष्ण. मनातलं होईपर्यंत देव पाण्यात ठेवायचे, ही रीत मला ठाऊक होती. माझ्या सासूने ठेवलेले पाहिले होते. पण या घरात? हे देव बाईंच्या सासूचे, वर्षातून एकदा धूळ पुसण्यापुरते कपाटातून बाहेर निघायचे.

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"पासष्ट आहेत, तर देव बुडवलेत कशाला?" मी विचारलं.

फोन कधीच बंद झाला होता, तरी त्यांनी दार लावून घेतलं. "पासष्ट मुलीसाठी. माझ्याकडे पन्नास आहेत, शांताबाई. पन्नास म्हणजे मला काही कळत नाही."

"मग तिला तसं सांगायचं."

"सांगितलं तर ती विमानात बसेल. एवढ्या रक्तदाबात वर काय होतं, ते मला चांगलं कळतं."

त्यांनी दोन्ही हातांनी ओट्याची कड घट्ट धरली. घाबरलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, मीही त्यांतलीच. पण आपण घाबरलो की ज्यांच्याकडे धावतो, त्यांनाच तसं मी पहिल्यांदा बघितलं. अळूवड्या कोणी खाल्ल्या नाहीत.

निकालाच्या दिवशी सकाळी मी गेले, तर हीटिंग चालू असून बाई गाऊनवर कोट घालून बसलेल्या. टीव्हीचा आवाज बंद. नको होता तोच निवडून आला होता. फोन वाजला.

"आई, तू सिक्स्टी-फाइव्ह म्हणालीस."

"म्हणाले. पस्तीसही असतात ना, बाळा."

"आता?"

"आता डाव्या कुशीवर झोप. पाणी पी. मी आहे." आवाज अगदी ऑपरेशनच्या खोलीतला. फोन ठेवला आणि तोंडावर कोटाची बाही दाबून धरली.

मी देव बाहेर काढले, पुसले. "की राहू देत अजून?"

"काढा. त्यांनी थोडीच मतं दिली," बाई म्हणाल्या.

त्यानंतर त्या आकडा सांगेनाशा झाल्या. पावसाचं विचारलं तर म्हणत, "छत्री घ्या." नंदिनीला तिकडेच मुलगा झाला, धडधाकट. पण जावयाची नोकरी गेली, घर तिच्या एकटीच्या पगारावर आलं आणि तिचेही कागद अडकले. देशाबाहेर पाऊल टाकलंत तर परत येण्याची खात्री नाही, असं वकिलाने सांगितलं. इकडे बाईंचं हृदय थकलेलं, त्यांना विमान बंद. नातू त्यांनी फोनवरच पाहिला. फोन वाजला की आधी दचकायच्या, मग उचलायच्या.

पुढच्या शरदात एका सकाळी त्या दार उघडेनात. माझ्याकडे किल्ली होती. बिछान्यातच गेल्या होत्या, उठवायला कोणी नव्हतं.

नंदिनीला मीच कळवलं. रडून झाल्यावर तिने विचारलं, "काकू, मी आले तर मला परत आत घेतील ना?"

घेतील म्हणाले असते, तर ती आली असती. आईचं तोंड बघितलं असतं.

"मला माहीत नाही गं," मी म्हणाले. "येऊ नकोस."

दहनाच्या ठिकाणी मी पुढच्या रांगेत फोन धरून बसले. पलीकडे नंदिनी, मांडीवर मूल. भटजी मंत्र म्हणत होते आणि शवपेटीपुढचा पडदा हळूहळू मिटायला लागला.

"काकू, दिसत नाहीये. हात थोडा वर करा."

मी उभी राहिले आणि हात वर केला.